पक नसलेल्या चौघांकडे बघा: मुलांच्या आइस हॉकीचे डावपेच कुठून शिकावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही कॅनडात मिसिसागात राहता, दहा वर्षांचा मुलगा यू-११ हाऊस लीगमध्ये, म्हणजे अकरा वर्षांखालच्यांच्या स्थानिक लीगमध्ये, खेळतो. संघाला सहायक कोच हवा होता, तुम्ही हात वर केलात, आणि हंगाम तीन आठवड्यांवर आलाय. स्केटिंग मोठेपणी शिकलात, शाळेत मैदानी हॉकी खेळलात, कबड्डी बघत वाढलात. आता १-२-२, २-१-२, १-३-१ हे रचनांचे आकडे (पुढून मागे किती जण) बघून काहीच उलगडत नाहीये. तर आधी काय शिकायचं, मुलांना कोणती रचना शिकवायची आणि ५० मिनिटांच्या सरावात कोणती ड्रिल घ्यायची?

मी नाशिकला कबड्डी खेळत मोठा झालो. पहिल्यांदा स्केट्स बांधले तेव्हा २९ वर्षांचा होतो, आणि गेले १६ हंगाम याच वयाच्या मुलांना शिकवतोय. तुमच्या जागी मी उभा राहिलेलो आहे, म्हणून जरा लांबून सांगतो.

आकड्यांपासून सुरुवात करू नका. बर्फावर एका संघाचे गोली (गोलरक्षक) सोडून पाच जण असतात: मधला सेंटर, कडेचे दोन विंगर आणि मागचे दोन डिफेन्समन. अख्ख्या सामन्यात चांगल्यातल्या चांगल्या खेळाडूच्या स्टिकवर पक, म्हणजे चेंडूऐवजी असणारी रबरी चकती, साधारण मिनिट-दीड मिनिटच असतो. बाकी सगळा वेळ तो पकशिवाय खेळतो. ज्याला आपण डावपेच म्हणतो ते या पकशिवायच्या वेळात घडतं: कुठे उभं राहायचं, कधी जवळ यायचं, कधी मागे थांबायचं. १-२-२ हा त्या वागण्याचा एका क्षणी काढलेला फोटो आहे. फोटो पाठ करून वागणं येत नाही.

म्हणून या तीन आठवड्यांत बघायला शिका. त्याचे दोन टप्पे सांगतो.

पहिला टप्पा वॉल्टर ग्रेट्झ्कींचा, म्हणजे आइस हॉकीतला महान खेळाडू वेन ग्रेट्झ्की याच्या वडिलांचा. तुमच्यापासून तासाभरावर ब्रँटफर्ड आहे, तिथे त्यांनी घरामागच्या अंगणात बर्फ करून वेनला खेळवलं, हे तुम्ही ऐकलं असेलच. त्यांनी मुलाला आणखी एक सवय लावली होती. टीव्हीवर सामना लागला की वेन कागदावर रिंक (बर्फाचं मैदान) काढायचा आणि पक जाईल तशी पेन्सिल फिरवायचा, कागदाकडे न बघता. शेवटी कागदावर जिथे रेघा दाट, तिथे पक सारखा जातो. हे घरी करून बघा, मुलाला शेजारी बसवा. एका पिरियडमध्ये, म्हणजे सामन्याच्या एका भागातच, कळेल की रेघा कोपऱ्यांत आणि बोर्डच्या, म्हणजे रिंकभोवतीच्या भिंतीच्या, कडेने दाटतात. ‘विंगरने बोर्डपाशी थांबायचं’ असं कोच का म्हणतो, ते मग सांगावं लागत नाही. दर हंगामात मी हा गृहपाठ देतो आणि मुलं ते कागद अभिमानाने घेऊन येतात.

दुसरा टप्पा अवघड आहे: पककडे बघायचंच नाही. टीव्हीवर हे जमत नाही, कारण कॅमेरा पकच्या मागे धावतो. ब्रॅम्प्टनला ओएचएलचा (ऑन्टारियोच्या ज्युनियर लीगचा) सामना बघायला जा, किंवा जवळच्या अरीनात यू-१५चा सामना असेल तर तिथे जा, आणि गोलच्या मागे, जितकं वर बसता येईल तितकं वर बसा. बाजूला बसलात तर सगळे एका ओळीत दिसतात. मागून बसलात की खेळाडूंमधली अंतरं दिसतात. एका शिफ्टला, म्हणजे खेळाडूंच्या बर्फावरच्या एका पाळीला, ४०-५० सेकंद, फक्त एका संघाच्या सेंटरकडे बघा. पुढच्या शिफ्टला पकपासून लांबच्या बाजूच्या विंगरकडे. मग दोन्ही डिफेन्समनमधल्या अंतराकडे. पहिल्या दिवशी डोळे पळून पककडे जातात. तिसऱ्या सामन्यापर्यंत तुम्हाला न सांगता कळायला लागेल की पक निसटण्याआधीच एखादा मागे वळतोय आणि दुसरा उगाच पुढे थांबलाय.

आता बर्फाची मांडणी. आपल्याकडचे रिंक साधारण २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. दोन ब्लू लाईन त्याचे तीन भाग करतात. प्रतिस्पर्ध्याच्या भागात पक आधी शिरला पाहिजे, माणूस नंतर, नाहीतर ऑफसाइड. मैदानी हॉकीतून आलेल्या माणसाला हा नियम त्रासाचा वाटतो, पण आइस हॉकीच्या बहुतेक रचना याच नियमातून जन्मल्या आहेत. पकच्या पुढे पळून जाऊन पासची वाट बघत बसता येत नाही, त्यामुळे पाचही जणांना बरोबर, एकमेकांच्या आवाक्यात सरकावं लागतं. मधल्या लाल रेषेच्या अलीकडून पक थेट पलीकडच्या गोललाईनपार भिरकावला तर आइसिंग. म्हणजे घाबरून लांब फेकण्याचीही सोय नाही. एकमेकांना धरूनच बाहेर यावं लागतं.

आणखी एक जागा ओळखून ठेवा. गोलच्या दोन खांबांपासून बाहेर पसरत फेस-ऑफच्या ठिपक्यांपर्यंत (जिथे पक टाकून खेळ सुरू करतात) आणि तिथून सरळ वर, त्या ठिपक्यांभोवतीच्या वर्तुळांच्या टोकापर्यंत गेलात तर घरासारखा पाचकोनी आकार होतो. इथले कोच त्याला ‘हाऊस’ म्हणतात. धोक्याचे बहुतेक शॉट इथूनच लागतात. मी माझ्या मुलांना ‘आपलं अंगण’ म्हणून सांगतो, आणि संघातल्या पंजाबी, पोर्तुगीज पोरांनाही तो शब्द पाठ झालाय. अंगणात दुसऱ्याला येऊ द्यायचं नाही, आणि दुसऱ्याच्या अंगणात शिरल्याशिवाय गोल नाही. या वयात एवढा भूगोल पुरतो.

आता त्या आकड्यांकडे येऊ. प्रतिस्पर्ध्याच्या भागात पक त्यांच्याकडे असताना तो हिसकावण्यासाठी जे करतात तो फोरचेक. इथे लेफ्ट विंग, सेंटर, राइट विंग ही नावं विसरा. जो आधी पोचेल तो पहिला, मग दुसरा, मग तिसरा. कोच त्यांना एफ-वन, एफ-टू, एफ-थ्री म्हणतात. जागा नावाने ठरत नाही, पोचण्याच्या क्रमाने ठरते. ही एक गोष्ट मुलांना उमगली की अर्धा हंगाम जिंकलात.

पहिल्याचं काम पक हिसकावणं नाही, वाट बंद करणं आहे. हे कबड्डी बघितलेल्या माणसाला पटकन कळतं. चढाईवाल्यावर कुणी सरळ समोरून झेपावत नाही. त्याची मध्यरेषेकडे परतायची वाट आतल्या बाजूने कापत त्याला कडेला रेटतात, म्हणजे लॉबीची रेषाच एका बचावपटूचं काम करते. इथे बोर्ड ते काम करतो. पहिल्याने मधल्या बाजूने तिरकं यायचं, स्टिक बर्फावर, आतल्या पासच्या वाटेत. समोरून सरळ धावला तर डिफेन्समन एका हलक्या वळणात सुटतो आणि आपला मुलगा काचेवर जाऊन आदळतो. या वयात बॉडीचेकिंग (अंगाने धडक देणं) नाहीच, त्यामुळे तिरकं येणं हेच खरं शस्त्र आहे. आज नीट शिकलं तर पुढे चेकिंग सुरू झाल्यावर मुलगा सुरक्षितही राहतो.

दुसरा पहिल्याकडे बघून ठरवतो. पहिल्याने समोरच्याला बोर्डपाशी अडकवलं असेल तर दुसरा पकवर. पहिला चुकला असेल तर दुसरा पुढच्या पासच्या वाटेवर. तिसरा वर, वर्तुळांच्या टोकांमध्ये. त्याला मी एकच वाक्य देतो: ‘दोघं तुझ्यापुढे असतील तर तू खाली जायचं नाहीस.’ मुलांना हे सर्वांत जड जातं, कारण गंमत खाली चाललेली असते. तिसऱ्याचं कौतुक सगळ्यांत मोठ्याने करा. गोल करणाऱ्याचं कौतुक करायला प्रेक्षक आहेत.

आता बघा, दुसरा उशिरा शिरला की चित्र १-२-२ दिसतं, लवकर शिरला की २-१-२. मुलांच्या पातळीवर फरक जवळपास एवढाच. ‘कोणतं शिकवू’ याचं माझं उत्तर: तीन भूमिका शिकवा आणि आकडा सांगूच नका. समोरचा संघ पक सांभाळण्यात कच्चा असेल तर ‘दुसऱ्याने आज लवकर जा’ एवढं बेंचवरून सांगितलं की काम होतं.

मोठ्यांच्या रचना मात्र तुम्ही स्वतःसाठी जरूर वाचा, कारण प्रत्येक रचना कुणाच्या तरी डोकेदुखीवरचा उपाय असते. १९९५ साली एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, न्यू जर्सी डेव्हिल्सनी कोच जाक लेमेअर यांच्या हाताखाली मधल्या भागात सापळा लावला: एकजण पुढे, बाकीचे ओळीने मधल्या वाटा अडवून. आणि डेट्रॉइटसारख्या बलाढ्य संघाला अंतिम फेरीत ४-० असं गुंडाळलं. त्याच दशकात डेट्रॉइटने कोच स्कॉटी बोमन यांच्या काळात चेकोस्लोव्हाकियातून आलेली एक युक्ती उचलली. पक हरवताच डावा विंगर मागे येऊन दोन्ही डिफेन्समनच्या ओळीत बसतो, म्हणजे मागे तिघं होतात. पुढे २००५ मध्ये एनएचएलने दोन रेषा ओलांडणारा लांब पास कायदेशीर केला, बर्फ ताणला गेला आणि जुना सापळा तसाच्या तसा चालेना. नियम बदलला की रचना बदलते, हे यातून नीट दिसतं.

एक प्रसंग मला फार शिकवून गेला. ९ नोव्हेंबर २०११, टँपा. टँपा बे लाइटनिंग १-३-१ लावून मधल्या भागात थांबले, एकही खेळाडू पुढे पाठवेनात. फिलाडेल्फिया फ्लायर्सनीही ठरवलं की तुम्ही येत नाही तर आम्हीही हलत नाही. त्यांचा डिफेन्समन आपल्याच भागात पक घेऊन उभा राहिला. सगळं अरीना बघतंय आणि पक जागचा हलत नाही, शेवटी पंचांनी शिट्टी मारली. त्या चित्रफितीवर मी पालकांशी तासभर बोलू शकतो. सापळा चालतो तो समोरचा अधीर असतो म्हणून. फोरचेक शिकवताना आपण खरं तर समोरच्याच्या घाईचा उपयोग करायला शिकवत असतो.

पण तुमचे सामने फोरचेकवर हरायचे नाहीत. ते ब्रेकआउटवर, म्हणजे आपल्या भागातून पक बाहेर काढण्यावर, हरतील. यू-११मध्ये दहापैकी आठ गोल असेच बसलेले मी पाहिलेत: आपल्या कोपऱ्यात पक, आपलाच मुलगा न बघता मधून पास देतो, आणि समोरच्याला अंगणात फुकटचा शॉट. म्हणून सरावाचा सर्वांत मोठा वाटा इथे घाला.

चित्र असं धरा. पक उजव्या कोपऱ्यात गेलाय, उजवा डिफेन्समन परत फिरतोय. पकला हात लावायच्या आधी त्याने दोनदा मान वळवून मागे बघायचं: एकदा वळताना, एकदा पोचता पोचता. माझ्या संघात यावर मी कधीच तडजोड केली नाही. पास चुकला तर चालेल, मान वळली नाही तर नाही. जोडीदार गोलसमोर उभा राहून त्याचे डोळे होतो आणि ओरडून सांगतो. उजवा विंगर बोर्डपाशी, वर्तुळाच्या कडेच्या छोट्या रेघांजवळ, पाठ बोर्डला लावून. म्हणजे त्याला पक आणि बर्फ दोन्ही दिसतात. बोर्डकडे तोंड केलं की तो आंधळा. सेंटर खाली, पकच्या पातळीवर किंवा त्याहून खाली, हळू वळण घेत आतल्या बाजूने पासची सोय करून देतो. लांबचा विंगर मधोमध सरकतो. लाल रेषेवर जाऊन हात वर करून उभा राहत नाही.

ओरडायचे शब्द इथले सगळे कोच तेच वापरतात, तुम्हीही तेच वापरा, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या संघात गेलेल्या मुलाची अडचण होत नाही. ‘अप’ म्हणजे आपल्याच बाजूच्या विंगरला. ‘ओव्हर’ म्हणजे गोलमागून जोडीदाराला. ‘व्हील’ म्हणजे पाठलाग करणारा मागे आहे, वेगाने गोलमागून स्वतःच निघ. ‘रिव्हर्स’ म्हणजे पाठलाग करणारा अगदी अंगावर आहे, पक आलास त्याच बाजूला बोर्डवरून मागे सोड. पहिल्या तीन पुरेत. रिव्हर्स जानेवारीनंतर, आणि तेही जोडीदार बोलका असेल तरच. न बोलता केलेला रिव्हर्स समोरच्यालाच बक्षीस देतो.

सेंटरबद्दल दोन वाक्यं जास्त. या वयातला सगळ्यात चपळ मुलगा सेंटर असतो आणि आपल्या डिफेन्समनला पक मिळायच्या आधीच तो पुढे सुटतो. त्याला थांब म्हणून ओरडू नका. शिफ्टनंतर शेजारी बसवून विचारा, ‘तुला पास हवा होता तेव्हा तुझ्या आणि त्याच्या मध्ये कोण होतं?’ दोन-तीन वेळा विचारलं की तो स्वतः खाली यायला लागतो.

एका हंगामात माझा संघ सरावात ब्रेकआउट इतका सुंदर करायचा की पालक टाळ्या वाजवायचे. पाच जण, विरोधक कुणी नाही, पक ठरलेल्या वाटेने ठरलेल्या स्टिकवर. सामन्यात मात्र पक ब्लू लाईनच्या बाहेर निघेना. कारण उघड होतं, पण मला ते डिसेंबरात दिसलं: सरावात कुणालाही काही बघावंच लागत नव्हतं. निर्णय मी आधीच घेऊन टाकला होता. तेव्हापासून विरोधकाशिवायचा ब्रेकआउट मी दोनदाच घेतो, जागा कळण्यापुरता. तिसऱ्या वेळेपासून एक फोरचेकर येतो आणि त्याच्या कानात मी गुपचूप सांगतो, ‘या वेळी विंगरची वाट अडव’ किंवा ‘या वेळी गोलमागची’. डिफेन्समनला ते माहीत नसतं, त्याला मान वळवून वाचावंच लागतं. मग दोन फोरचेकर, मग तीन. चुका खूप होतात, सराव बघायला वाईट दिसतो. होऊ द्या.

आपल्या भागातल्या बचावासाठी या वयात दोन सूचना. पक आणि आपला गोल यांना जोडणाऱ्या रेषेच्या आतल्या बाजूला राहा. आणि पकवर एका वेळी एकच, फार तर दोन. बाकीच्यांनी अंगणातला माणूस शोधायचा. माणसाला माणूस की जागेची राखण, हा वाद यू-१३नंतर. समोरून एकटा येत असेल तर डिफेन्समनने मागे सरकताना साधारण दोन स्टिकइतकं अंतर ठेवायचं आणि ते हळूहळू एका स्टिकवर आणत त्याला ठिपक्यांच्या बाहेर ढकलत न्यायचं. बघायचं त्याच्या छातीकडे, पककडे नाही. हे अंतर राखणंही कबड्डीतलंच आहे, घाई केली की हात लागतो आणि फार मागे गेलं की बोनस जातो.

पॉवर प्ले (समोरचा एकजण शिक्षेवर असताना) आणि पेनल्टी किल (आपला एकजण शिक्षेवर असताना) यांवर वेळ घालू नका. चार जणांनी चौकोनात उभं राहायचं, कोपऱ्यांत धावत सुटायचं नाही, एवढं पाच मिनिटांत सांगून होतं. मी माझ्या दुसऱ्या हंगामात तीन अख्खे सराव १-३-१ पॉवर प्लेवर घालवले. फळ्यावर फार देखणं दिसायचं. पुढच्या चार सामन्यांत मिळून आम्हाला पॉवर प्ले मोजून दोनदा मिळाला, आणि ज्या मुलांना अजून उलटं स्केटिंग येत नव्हतं त्यांचे तीन तास मी खाल्ले. त्यांतल्या एकाने पुढच्या वर्षी नाव नोंदवलं नाही. याची खंत मला अजून आहे.

आता ड्रिल. एक हिशेब करा. १६ मुलं, एका टोकाला रांग, एकास-एक ड्रिल, प्रत्येक जोडीला १५ सेकंद. आठ जोड्या म्हणजे दोन मिनिटांनी पुन्हा पाळी. ५० मिनिटांत प्रत्येक मुलाला २५ पाळ्या, म्हणजे एकूण सव्वासहा मिनिटं हालचाल, बाकी वेळ रांगेत उभं राहून थंडी खाणं. कोणत्याही ड्रिलचा कागद हातात आला की आधी हा हिशेब मांडा. बर्फाचं भाडं पालक ५० मिनिटांचं भरतात.

उपाय म्हणजे बर्फ वाटून घेणं आणि छोट्या जागेतले खेळ. माझा सगळ्यात आवडता असा: कोच कोपऱ्यात पक टाकतो, दोघं हल्ला करणारे आणि दोघं बचाव करणारे त्यावर सुटतात. हल्ला करणाऱ्यांचा गोल अंगणातून मारला तरच धरायचा. बचाव करणाऱ्यांनी पक जिंकून बोर्डपाशी उभ्या विंगरला नीट पास दिला की त्यांचा गुण. ३० सेकंद झाले की शिट्टी, पुढचे चार. या एका खेळात फोरचेकचा पहिला-दुसरा, मान वळवणं, ‘अप’ आणि ‘ओव्हर’, अंगणाची राखण सगळं येतं, आणि मुलांना वाटतं आपण फक्त खेळतोय.

दुसरा, दोन गोल पाठीला पाठ लावून भागाच्या मधोमध ठेवा, मध्ये एका मुलाला जाता येईल इतकी जागा सोडा, आणि तीनास-तीन खेळवा. इथे पक क्षणात पलीकडच्या बाजूला जातो, त्यामुळे पकच्या मागे झुंडीने धावणारा संघ हरतो आणि डोकं फिरवून बघणारा जिंकतो. दिवाळीपर्यंत तुमचीही पोरं झुंडीनेच धावतील. ओरडून ही सवय मोडत नाही, हा खेळ तीन आठवडे लावला की मोडते.

तिसरा, रिंकच्या आडव्या बाजूने दोनास-दोन, प्रत्येक संघाचा एकेक साथीदार बाहेर बोर्डपाशी उभा. पक जिंकला की आधी त्या साथीदाराला द्यायचा, परत घ्यायचा आणि मगच गोलकडे. पास दिल्यावर उभं न राहता मोकळ्या जागेत सरकायची सवय याने लागते. जिथे साथीदार उभा करायला जास्तीची मुलं नसतील तिथे तुम्ही स्वतः उभे राहा. तुमचं स्केटिंग साधारण असलं तरी हे काम उत्तम जमेल.

गोलींना विसरू नका. बहुतेक ड्रिलमध्ये त्यांच्यावर लागोपाठ शॉट पडतात आणि ते नीट उभेही राहू शकत नाहीत. दोन शॉटमध्ये त्यांना पायावर यायला वेळ द्या, आणि दहा मिनिटं त्यांच्यासाठी एक वेगळा कोपरा ठेवा.

बर्फ कमी असतो ही तक्रार तुम्ही लवकरच कराल. सोव्हिएत संघातल्या बांडी (बर्फावर चेंडूने खेळायची हॉकी) खेळणाऱ्यांनी १९४६ मध्ये आइस हॉकी गंभीरपणे सुरू केली तेव्हा त्यांच्याकडे कृत्रिम बर्फाचं बंदिस्त स्टेडियम नव्हतं. मॉस्कोतला लुझ्निकीचा क्रीडा महाल १९५६ साली उघडला. त्याआधीच, १९५४ मध्ये, त्यांनी स्टॉकहोमला कॅनडाला ७-२ हरवून जगज्जेतेपद घेतलं होतं. अनातोली तारासोव यांनी खेळाडूंना बर्फाबाहेर उड्या, कसरती, चेंडूचे खेळ करायला लावून आणि पाच जणांचा गट एकत्र विचार करेल असा घडवून ही परंपरा उभी केली. आपल्या लडाखच्या मुली हिवाळ्यातले मोजके आठवडे टिकणाऱ्या नैसर्गिक बर्फावर घडल्या आणि २०२५ मध्ये भारताच्या महिला संघाने अल ऐनला आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं. त्या बातमीच्या दिवशी मी आमच्या संघाला लेहचा नकाशा दाखवला होता.

तेव्हा जागा शिकवायच्या असतील तर बर्फावर शिकवू नका. शाळेचा जिम तासभर मिळतो. बुटांवर, टेनिसचा चेंडू आणि हॉकी स्टिक घेऊन ब्रेकआउट चालत चालत करा. मुलं एकमेकांशी बोलायला तिथेच शिकतात, कारण तोल सांभाळायची काळजी नसते. फळा ड्रेसिंग रूममध्ये. बर्फावर एका वेळी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त बोललात तर शेवटच्या रांगेतली मुलं बर्फ खरवडून गोळे करायला लागतील, आणि चूक त्यांची नसेल. एका गुडघ्यावर बसवा, तुमची पाठ काचेकडे नको, त्यांची हवी. नाहीतर ती तुमच्या डोक्यावरून पालकांकडे बघतात.

सामन्यात सहायक म्हणून तुमच्याकडे बहुधा बेंचचं एक दार येईल. ते मनापासून करा. शिफ्ट ४५ सेकंदांच्या आसपास, आणि बदल करायचा तो पक समोरच्या भागात खोलवर गेल्यावर. पक आपल्याकडे येत असताना दार उघडलंत तर समोरच्यांना मोकळं रान मिळतं. दारापाशी परत आलेल्या मुलाला एकच गोष्ट विचारा, सांगू नका: ‘तुझ्या शिफ्टमध्ये तिसरा कोण होता?’ उत्तर देता आलं तर तो बघायला लागलाय.

कागदपत्रांचं आजच बघा. हॉकी कॅनडाचा तुमच्या संघाच्या वयोगटासाठीचा कोचिंग अभ्यासक्रम, रिस्पेक्ट इन स्पोर्ट (वागणुकीचं प्रशिक्षण) आणि पोलीस पडताळणी यांना वेळ लागतो, आणि ते पूर्ण झाल्याशिवाय तुम्हाला बेंचवर उभं राहता येणार नाही. बर्फावर हेल्मेट तुम्हालाही सक्तीचं. हॉकी कॅनडाच्याच संकेतस्थळावर वयानुसार सरावाचे आराखडे आहेत. यूट्यूबच्या आधी ते चाळा आणि प्रत्येकावर मघाचा रांगेचा हिशेब लावा.

पहिला सराव मी असा घेतो. पहिली आठ मिनिटं प्रत्येकाला पक, मोकळं फिरू द्यायचं, त्यात दोन मुलं पक हिसकावणारी. पुढे चार कोपऱ्यांत चौघा-चौघांचे गट, प्रत्येकी सहा मिनिटं: उलटं स्केटिंग आणि वळणं, मान वळवून पक उचलणं, बोर्डपाशी पाठ लावून पास घेणं, आणि कोपऱ्यातला दोनास-दोन. मग दहा मिनिटं पाठीला पाठ गोलांचा खेळ. शेवटी मुलं मागतील तो खेळ. तुमच्या मुलाला पहिल्या सरावात तुमच्या गटात घेऊ नका, दुसऱ्या कोचकडे द्या. त्याला इतरांसारखा एक होऊ द्या. आणि फळ्याचे दोन मार्कर न्या, एक कोटाच्या आतल्या खिशात. बाहेरचा थंडीने लिहीनासा होतो.